खर्च कोणाच्या खात्यावर?

लकडगंजातून आमच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. पत्र लांबलचक आहे. चार कागद पाठपोट भरले आहेत आणि शेवटी समासातही मजकूर चालला आहे. 'हे पत्र छापू नये, परंतु या विषयावरील आपले मत मात्र अवश्य छापावे,' अशी त्यांची सूचना आहे. तिला मान देऊन, घर ओळखू येईल असा सर्व तपशील गाळून, आम्ही पत्राचा केवळ मथितार्थ येथे देत आहोत. प्रश्न एका घराचा असला तरी तो एकाच घराचा नाही, म्हणूनच त्यास या सदरात जागा देणे आम्हास उचित वाटले.

नागपूरच्या पूर्व भागातील लकडगंज ही वस्ती नावाप्रमाणेच लाकडाची आहे. सागवानाच्या वखारी, आरा गिरण्यांची घरघर आणि पावसाळ्यात ओल्या भुशाचा वास, अशा परिसरातील हे चौदा माणसांचे एकत्र कुटुंब. मामंजी सरकारी हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. दोन कर्ते मुलगे; त्यांतील धाकटे शिक्षक. माडीवरच्या मागील खोलीत मामंजींचे पुतणे, म्हणजे आमच्या भगिनींचे चुलत दीर, राहतात. त्यांचे वय चाळिशीच्या आतले. विशीत असताना ते एका वखारीत हिशेबनीस होते आणि अक्षर मोत्यासारखे होते. पुढे त्यांस कोणी न बोललेले शब्द ऐकू येऊ लागले. रुग्णालयात तीन महिने राहून ते पुष्कळ सुधारून परत आले. 'आता बरे झाले' असे घरच्यांनी मनाशी ठरविले. औषधाच्या रांगेत कोणी ओळखीचे भेटेल ही लाजही होतीच. आणि हळूहळू औषध सुटले. आजार परतला. आता घरात एक मुलगी उपवर आहे. पाहुणे येतात त्या दिवशी माडीचे दार बाहेरून लावून घेण्यात येते.

गेल्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत वर्तमानपत्रात मानसिक आरोग्यावरील सरकारी खर्चाची बातमी आली आणि रात्री पंगतीत वाद पेटला. मामंजींचे म्हणणे असे की, तिजोरीस तळ असतो. गावोगाव पिण्याचे पाणी नाही, मुले कुपोषित आहेत. वेडेपणावर कोट्यवधी रुपये खर्चण्याची ही वेळ नव्हे. ज्याचा त्याचा माणूस ज्याने त्याने सांभाळावा. पूर्वी नाही का सांभाळीत? धाकटे चिरंजीव म्हणाले की, कायद्याने हा हक्क दिला आहे आणि हक्कास खर्च लागतोच. आवाज चढले. इतक्यात जिन्यावर पाऊल वाजले. माडीवरचे भाऊजी अर्ध्या जिन्यात येऊन उभे होते. 'माझ्याबद्दल चालले आहे काय?' एवढेच त्यांनी विचारले. कोणी उत्तर दिले नाही. ते परत वर गेले. पत्रात पुढे एकच प्रश्न आहे: 'मामंजींचे खरे की धाकट्या भाऊजींचे?'

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी नागपूरचाच थोडा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. छिंदवाडा मार्गावरील ज्या चौकास नागपूरकर आजही 'पागलखाना चौक' म्हणतात, त्या चौकाचे नाव ज्या संस्थेवरून पडले ती संस्था १८६४ सालची आहे. मध्यप्रांत हा १८६१ साली निर्माण झाला आणि तीनच वर्षांत त्याच्या राजधानीत वेड्यांचा आश्रम उभा राहिला. त्या काळी त्या बाबतीत १८५८ चा कायदा होता. रस्त्यावर भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा मनुष्य पोलिसांनी धरून आणावा व चार भिंतींआड ठेवावा, हा त्याचा मुख्य रोख. १९१२ चा कायदाही त्याच वळणाचा होता. १९२० च्या सुमारास आश्रमाचे 'मानसिक रुग्णालय' झाले. परंतु नाव बदलले तरी भिंती त्याच राहिल्या. सांप्रत तिला 'प्रादेशिक मनोरुग्णालय' म्हणतात. लोकांच्या जिभेवर मात्र जुनेच नाव आहे.

याच संस्थेच्या आवारात ताजुद्दीन बाबांस १८९२ साली ठेवण्यात आले होते. ते कामठीचे. त्यांचे वर्तन लोकविलक्षण होते म्हणून सरकारने त्यांस वेडे ठरविले आणि सुमारे सोळा वर्षे ते तेथे राहिले. भाविक लोक दर्शनासाठी त्या भिंतींच्या आत जात. अखेर १९०८ साली राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांची जबाबदारी आपल्या शिरावर घेतली आणि त्यांस शक्करदऱ्यास आपल्या वाड्यात नेले. ते १९२५ साली निवर्तले. उमरेड मार्गावरील ताजबागेत आज सर्व धर्मांचे लोक जातात. बाबा संत होते की कसे, हा या लेखाचा विषय नव्हे. आम्हास त्यातील एकच गोष्ट लक्षात आणून द्यावयाची आहे. आत जावयास सरकारी हुकूम पुरतो. बाहेर यावयास मात्र बाहेर उभा राहून 'याचा भार मी घेतो' असे म्हणणारा कोणी लागतो. बाबांच्या पाठीशी एक राजा उभा राहिला. ज्यांच्या पाठीशी कोणी उभे राहिले नाही त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. आजही महाराष्ट्रातील मनोरुग्णालयांत कित्येक जण असे आहेत की, ज्यांचा आजार केव्हाच आटोक्यात आला, पण ज्यांस न्यावयास कोणी येत नाही. मुंबई उच्च न्यायालयात डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेवर अलीकडे जी सुनावणी झाली तीत हाच प्रश्न पुढे होता: दहा-दहा वर्षे राहिलेली ही माणसे आत कशासाठी आहेत?

आता मामंजींच्या पहिल्या आक्षेपाकडे वळू. 'आधी पोटोबा, मग विठोबा' हा न्याय आम्हासही मान्य आहे. परंतु मनाचे आरोग्य म्हणजे विठोबा आणि अन्नपाणी म्हणजे पोटोबा, ही वाटणीच मुळात चुकीची आहे. बाविसाव्या वर्षी मोत्यासारखे अक्षर काढणारा हिशेबनीस माडीवर बसला, म्हणजे त्याची पंधरा-सोळा वर्षांची कमाई बुडाली. ती पोटोबाचीच बुडाली. विदर्भास तर हे अधिक विस्ताराने सांगावयास नको. कापसाच्या पट्ट्यातील कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी किती घरे बसली हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. कर्ज, पाऊस आणि भाव ही त्यांची मूळ कारणे आहेत, आणि ती समुपदेशनाने दूर होत नाहीत, हे खरे. तथापि संकटात सापडलेला मनुष्य एकटा पडू नये, त्याची झोप उडाली आहे हे वेळीच कोणाच्या ध्यानात यावे, यासाठी महाराष्ट्र सरकारने २०१५ साली चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला आणि आशा कार्यकर्त्यांस घरोघर पाठविले. पाण्याचा खर्च आणि हा खर्च एकमेकांचे वैरी नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्यात आपल्या कुटुंबपद्धतीचा अभिमान आहे: 'घरचा माणूस घरात सांभाळावा.' हा अभिमान आम्हीही बाळगतो. एकत्र कुटुंबाने अशा कित्येक माणसांस ताटात वाढले, सणाला नवे धोतर दिले आणि रस्त्यावर पडू दिले नाही. परंतु मामंजी हिशेबखात्यातले आहेत म्हणून त्यांस हिशेबाच्याच भाषेत विचारतो: जो खर्च सरकारी अंदाजपत्रकात दिसत नाही, तो झालाच नाही असे धरावयाचे काय? खर्च होतोच; फक्त तो दुसऱ्याच्या खात्यावर पडतो. आमच्या भगिनींनी पत्रात तक्रार म्हणून नव्हे, ओघात लिहिले आहे की, गेली अकरा वर्षे माडीवरचे ताट त्याच नेतात; रात्री दोन वाजता फेऱ्या सुरू झाल्या की उठून जिन्यात बसतात; या काळात माहेरी सलग चार दिवस राहिल्या नाहीत. 'घरात सांभाळतो' या वाक्याचा कर्ता सहसा पुरुष असतो आणि क्रिया बहुधा बायकांकडून होते. सरकारने हात आखडता घेतला की, जी रक्कम वाचते ती कोणाच्या झोपेतून, कोणाच्या माहेरपणातून आणि कोणाच्या तरुण वयातून वळती होते, याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

शिवाय घर आणि सरकार यांत एकाची निवड करावी लागते असेही नाही. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मानसिक रुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातलगांस आवारातच तंबू ठोकून राहू दिले. आजार काय आहे, औषध कसे द्यावे, घरी गेल्यावर कसे वागावे, हे नातलग तेथेच शिकले आणि आपल्या माणसास घेऊन घरी गेले. तेथे तंबू आणि वैद्य रुग्णालयाचे होते. माया आणि चिकाटी घरची होती. दोहोंपैकी एक काढून घेतले असते तर प्रयोग फसला असता. कुटुंबावर भार टाकणे निराळे आणि कुटुंबास बळ देणे निराळे.

तिसरा एक आक्षेप मामंजींनी घेतलेला नाही, परंतु विधिमंडळात व संसदेत तो वारंवार ऐकू येतो आणि त्यात तथ्य आहे: जो पैसा दिला जातो तो तरी कोठे खर्च होतो? राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालचा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ सालचा. यांतील राष्ट्रीय कार्यक्रमासाठी २०१९-२० साली केंद्राच्या अंदाजपत्रकात ४० कोटी रुपये धरण्यात आले. सुधारित अंदाजात त्याचे ५ कोटी झाले. एवढ्या मोठ्या देशास मुळात ४० कोटी, आणि त्यांतीलही आठवा हिस्सा! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तो हा प्रकार. याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. मानसोपचारतज्ज्ञाचे पद भरले नाही म्हणजे त्याचा पगार खर्च होत नाही. रक्कम वर्ष सरत आल्यावर हाती येते. मागील रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र गेले नाही म्हणून पुढील हप्ता अडतो. आणि वर्षाअखेर 'यांना पैसा लागतच नाही' असा निष्कर्ष निघून पुढील वर्षीची तरतूद कापली जाते. विहिरीस पाणी आहे, पण पोहरा फुटका आहे. यावर उपाय पोहरा सांधणे हा होय. विहीर बुजविणे हा नव्हे.

आता कायद्याकडे पाहू. कारण धाकट्या चिरंजीवांचा सारा भर त्यावर आहे. मानसिक आरोग्य देखभाल विधेयक राज्यसभेने ८ ऑगस्ट २०१६ रोजी आणि लोकसभेने २७ मार्च २०१७ रोजी संमत केले. २९ मे २०१८ पासून कायदा अमलात आला. त्याची भाषा उदार आहे. सरकारने चालविलेल्या किंवा सरकारी पैशाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, असे १८ वे कलम सांगते. केवळ घर नाही किंवा घरचे नेत नाहीत म्हणून कोणासही रुग्णालयात डांबून ठेवू नये, असे १९ वे कलम सांगते. साखळदंडाने बांधण्यास मनाई आहे. विमा कंपन्यांनी शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजारासही संरक्षण द्यावे, असेही त्यात आहे. ही साखळदंडाची मनाई कोणाच्या जिवावर मिळाली हे विसरू नये: ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी येथे एका खाजगी आश्रमास आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले २८ रुग्ण जागीच अडकून प्राणास मुकले. त्यांच्याही घरच्यांनी त्यांस 'सांभाळण्यासाठी'च तेथे नेऊन ठेवले होते.

परंतु इतक्या हक्कांचा खर्च किती आणि तो कोणी करावयाचा? विधेयकासोबतच्या आर्थिक निवेदनात खर्चाचा अंदाज नव्हता आणि केंद्र व राज्य यांच्या वाट्याचाही उलगडा नव्हता. आपल्या राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. वेड व मनोदौर्बल्य आणि त्यांवरील उपचारस्थाने यांची नोंद मात्र समवर्ती सूचीत, सोळाव्या क्रमांकावर आहे. म्हणजे दोघांचीही जबाबदारी. दोघांची जबाबदारी म्हणजे पुष्कळदा कोणाचीच नव्हे, याचा अनुभव एकत्र कुटुंबातील वाचकांस आम्ही सांगावयास नको. केंद्राने राज्याकडे बोट दाखवावे, राज्याने केंद्राकडे, आणि मध्ये रुग्णाने उभे राहावे.

काही आकडे देतो. २०२३-२४ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सुमारे ८९ हजार कोटींच्या अंदाजपत्रकात मानसिक आरोग्यासाठी थेट दाखविलेली रक्कम सुमारे ९१९ कोटी होती. म्हणजे शंभर रुपयांत एक रुपया. त्यांतील सुमारे ७२१ कोटी बंगळुरूच्या 'निम्हान्स' या एकाच संस्थेस होते. ती संस्था देशाचे भूषण आहे आणि तिला पैसा मिळालाच पाहिजे. परंतु लकडगंजातील माणसास दर महिन्याची गोळी बंगळुरूहून मिळत नाही. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०२३ च्या अहवालात नमूद केले की, देशात दर लाख लोकांमागे पाऊणच मानसोपचारतज्ज्ञ आहे, पाहिजेत तीन. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली बारा राज्यांत झाले. त्यात दर शंभर प्रौढांत दहाहून अधिक जणांस कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुतेकांस काहीही उपचार मिळत नव्हता. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. परंतु आपली स्थिती फार निराळी असेल असे मानण्यास आधार दिसत नाही.

महाराष्ट्रात जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार. सरकारी दप्तरी कित्येक वर्षे त्यांच्या मंजूर खाटा अशा चालत आल्या: येरवडा २५४०, ठाणे १८५०, नागपूर ९४०, रत्नागिरी ३६५, एकूण ५६९५. २०११ च्या जनगणनेची ११ कोटी २४ लाख लोकसंख्या धरली तर सुमारे वीस हजार माणसांमागे एक खाट. १९४६ साली भोर समितीने सबंध हिंदुस्थानसाठी चाळीस हजारांमागे एक खाट असा हिशेब मांडून खेद व्यक्त केला होता. विदर्भाची लोकसंख्या राज्याच्या सुमारे एक पंचमांश आहे. नागपूरच्या खाटा त्या चार रुग्णालयांच्या एक षष्ठांशही भरत नाहीत. मराठवाड्यात तर त्या चारांपैकी एकही नाही. १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचे वचन होते आणि त्याच करारामुळे दर वर्षी नागपुरास अधिवेशन भरते. सिव्हिल लाइन्समधील विधान भवन आणि पागलखाना चौक यांत फार अंतर नाही. आमदारांस प्रश्न विचारावयाचा असेल तर तो समक्ष जाऊन पाहूनही विचारता येतो.

मात्र खाटा वाढवा एवढीच मागणी आम्ही करणार नाही, कारण ती अपुरी आहे आणि कदाचित चुकीचीही ठरेल. आजार बळावला असता काही दिवस खाट लागते, यात शंका नाही. परंतु बहुसंख्य रुग्णांस पाहिजे असते ते घराजवळ औषध, महिन्यास एकदा विचारपूस आणि हातास काम. याचा पुरावा आपल्याच प्रांतात आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम चालविण्यात आला. गावातीलच व्यक्तींस शिक्षण देऊन त्यांनी घरोघर जावे, खिन्नतेच्या आजाराची लक्षणे ओळखावीत, धीर द्यावा आणि गरज तेथे डॉक्टरांपर्यंत न्यावे, अशी त्याची योजना होती. या आजाराने त्रस्त झालेल्यांपैकी पूर्वी शंभरात चारांच्या आसपास लोक मदत घेत; दीड वर्षानंतर ते प्रमाण सत्तावीसवर गेले. 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात २०१७ साली हे प्रसिद्ध झाले आहे. एवढ्यासाठी मोठी इमारत बांधावी लागली नाही.

परंतु 'इमारती नकोत, समाजातच उपचार करा' या घोषणेतही एक खड्डा आहे. अमेरिकेत १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांनी असाच कायदा केला. मोठी रुग्णालये रिकामी करावयाची आणि गावोगाव केंद्रे काढावयाची, असा बेत होता. रुग्णालये रिकामी झाली. केंद्रांस पुरेसा पैसा मिळाला नाही. त्यातून बाहेर पडलेली किती तरी माणसे पुढे रस्त्यावर आणि तुरुंगात आढळू लागली. म्हणून आमचा आग्रह असा की, रुग्णालयाचे दार उघडण्यापूर्वी बाहेर घेणारा उभा पाहिजे. ज्यांस घर आहे त्यांच्यासाठी तालुक्याच्या गावी औषध व भेट देणारा कार्यकर्ता. ज्यांस घर नाही त्यांच्यासाठी पुनर्वसनगृह, जेथे राहून चार पैसे मिळविता येतील. ताजुद्दीन बाबांसाठी जे रघुजीराजांनी केले, ते निराधारांसाठी करणे हे आता राजाच्या जागी असलेल्या सरकारचे काम आहे. सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांस अशी गृहे काढण्याविषयी बजावले आहे. यास पैसा लागतो, आणि तो अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दिसला पाहिजे.

याची मुदतही ठरलेली आहे. मानसिक आरोग्यातील तज्ज्ञांची संख्या दहा वर्षांच्या आत जागतिक प्रमाणास आणण्याचा सरकारने प्रयत्न करावा, असे २०१७ च्या कायद्याचे ३१ वे कलम सांगते. ती दहा वर्षे २९ मे २०२८ रोजी पुरी होतात. मानसोपचारतज्ज्ञ एका अंदाजपत्रकाने तयार होत नाही. त्यास वर्षे लागतात. मुदत संपल्यावर जागे होणे म्हणजे वरातीमागून घोडे होय.

तेव्हा आमच्या भगिनींच्या प्रश्नास आमचे उत्तर असे: पैसा जपून खर्च व्हावा हे मामंजींचे म्हणणे खरे आहे, आणि तो खर्च सरकारने केलाच पाहिजे हे धाकट्या चिरंजीवांचे म्हणणेही खरे आहे. दोघांनी एकत्र बसून एक पत्र लिहावे. धाकट्यांनी कायद्याची कलमे घालावीत. मामंजींनी आयुष्यभर ज्या नजरेने सरकारी हिशेब तपासले त्या नजरेने चार प्रश्न काढावेत. आपल्या जिल्ह्यास या कामी किती रक्कम मंजूर झाली? तीपैकी खरोखर खर्च किती झाली? मानसोपचाराची किती पदे रिकामी आहेत आणि केव्हापासून? बरे होऊनही घराअभावी आत राहिलेल्यांची संख्या किती? हे पत्र अधिवेशनापूर्वी आपल्या आमदारांस पोचते करावे. अशी शंभर पत्रे गेली तर पुरवणी मागण्यांच्या चर्चेत हा विषय रात्री उशिरा रिकाम्या बाकांपुढे निघणार नाही.

परंतु सरकारची वाट पाहत घरचे काम थांबविण्याचे कारण नाही. माडीवरच्या भाऊजींचे औषध पुन्हा सुरू झाले पाहिजे, आणि ते 'बरे वाटले' म्हणून घरच्यांनी आपल्या मताने बंद करावयाचे नाही; मधुमेहाचे औषध कोणी साखर उतरली म्हणून फेकून देत नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. प्रथम कोठे जावे हेही सुचत नसेल तर 'टेलिमानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरविला असता दिवसा-रात्री विनामूल्य सल्ला मिळतो. रात्रीची पाळी घरातील पुरुषांनी वाटून घ्यावी आणि आमच्या भगिनींस आठ दिवस माहेरी धाडावे. उपवर मुलीची अडचण आम्ही हलकी लेखीत नाही. परंतु झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती दुसऱ्याने उघडीपर्यंतच. जे स्थळ चुलत्याच्या आजाराचे ऐकून परत जाते ते मुलीच्या पुढील आयुष्यात अडचणीच्या वेळी किती उपयोगी पडले असते, याचाही विचार करावा. बाहेरून दार लावणे तर आजच बंद व्हावे. ते कायद्यास धरून नाही, आणि एरवाडीस काय झाले ते आम्ही वर लिहिले आहे.

शेवटी एक गोष्ट. नव्या कायद्याने रुग्णास आपल्या उपचाराविषयी मत देण्याचा आणि ते आगाऊ लिहून ठेवण्याचाही अधिकार दिला आहे. लकडगंजातील त्या पंगतीत तेरा माणसांनी मत दिले. ज्याच्याविषयी वाद होता त्याने प्रश्न विचारला, तेव्हा सर्व गप्प राहिले. त्या प्रश्नाचे उत्तर अजून बाकी आहे. कोणीतरी माडीवर जाऊन त्यांस सांगावे की, होय, तुमच्याबद्दलच चालले होते. खाली चला, पान मांडले आहे, आणि तुमचे म्हणणे आम्हास ऐकावयाचे आहे.